बेळगाव भागातला मोठा बांबू: जात, लागवड, बेटाची निगा आणि तोड

बेळगाव, खानापूर, हुक्केरी, निपाणी या पट्ट्यात बांबू काही नवा नाही. बांधावरची काटेरी कळकाची बेटं, रानातली मेस ही बारीक बांबूची जात, बाजाराच्या दिवशी बुरूड मांडून बसतात ती सुपं, दुरड्या, डालगी हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. नवा आहे तो शेतात रांगेनं लावून पीक म्हणून वाढवायचा मोठा बांबू, पाच-सहा इंच जाडीचा आणि साठ-सत्तर फूट चढणारा. उसाला पाणी पुरत नाही, तंबाखूच्या दराचा भरवसा नाही, रानडुकरं रताळी ठेवत नाहीत, म्हणून बरेच जण याच्याकडे वळू लागलेत. रोपं विकणारे सांगतात, ‘लावा आणि विसरा’. हे साफ चुकीचं आहे. पहिली तीन वर्षं बांबूकडे उसाइतकंच लक्ष द्यावं लागतं. त्यापुढे काय तोडायचं यापेक्षा काय ठेवायचं हे कळावं लागतं. हे दोन्ही जमलं तर एकदा लावलेलं बेट तीस-चाळीस वर्षं देत राहतं.

अडचण थंडीची नाही, उन्हाळ्याची आहे

थंड हवेच्या देशांत मोठा बांबू लावणाऱ्याला पहिली धास्ती असते ती हिमाची. चीनमधला मोसो उणे पंधरा अंशांपर्यंतची थंडी सोसतो, म्हणून तिकडे तो चालतो. आपल्याकडे मिळणारे ॲस्पर, बाल्कोवा, ब्रँडिसी हे उष्ण पट्ट्यातले. पारा शून्याखाली दोन-चार अंश उतरला की त्यांची पानं करपतात आणि कोवळे कोंब जातात. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात पहाटे पारा दहा-बाराच्या घरात येतो, क्वचित त्याखाली. एवढ्या थंडीत या जातींना काही होत नाही, फक्त वाढ थबकते.

आपली खरी अडचण दसरा उलटल्यावर सुरू होते. जून ते सप्टेंबर पाऊस, मग वळीव येईपर्यंत सात-आठ महिने कोरडे. त्यात बांबूची घडण अशी की नेमकं याच कोरड्या दिवसांत पुढच्या वर्षीचं पीक ठरतं. बांबू गवताच्या कुळातला, झाडासारखा दरवर्षी जाड होत जात नाही. कोंब जमिनीबाहेर येतो तेव्हाच त्याची जाडी ठरलेली असते. जेवढा कोंब तेवढीच काठी. ती दोन-तीन महिन्यांत पूर्ण उंची गाठते आणि त्यानंतर फक्त पक्की होत जाते. कोंब किती येणार आणि केवढे येणार हे जमिनीखालच्या कंदावर ज्या कळ्या असतात, त्या डोळ्यांवर अवलंबून असतं. हे डोळे एप्रिल-मेमध्ये जमिनीखाली फुगत असतात. त्या वेळी कंदाजवळची माती कोरडीठाक असेल तर पाऊस कितीही चांगला झाला तरी कोंब थोडे आणि बारीक येतात. पाडव्यापासून मृगापर्यंत बेटाला पाणी देता येईल का, हा प्रश्न लागवडीआधी स्वतःला विचारा. उत्तर ‘नाही’ असेल तर मोठ्या जातीचा नाद सोडून खाली सांगितलेल्या माणग्याकडे किंवा मेसेकडे वळा.

तालुका बघून जात

एकाच जिल्ह्यात पाऊस केवढा बदलतो ते बघा. मलप्रभा जिथं उगम पावते त्या कणकुंबीला पावसाळ्यात काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो. बेळगाव शहरात तो साधारण १२०० ते १३०० मिलिमीटरवर येतो, आणि अथणीकडे जाईपर्यंत निम्म्याच्याही खाली. खानापुरात जांभ्याची तांबडी माती, पाणी मुरतं आणि निघूनही जातं. निपाणी-चिकोडीपासून काळी जमीन लागते, पाणी धरून ठेवणारी. सगळीकडे एकच जात सुचवणाऱ्याचं ऐकू नका.

बाल्कोवा ही या भागात सगळ्यांत खात्रीची मोठी जात. बिनकाट्याची, तीन ते पाच-सहा इंच जाडीची, भिंत जाड, काठी वजनदार. बेळगाव, खानापूर, हुक्केरी, निपाणी सगळीकडे जमते, मात्र बेळगावच्या पूर्वेला ठिबक पाहिजे. खालच्या गाठींवर फांद्यांचा गुंता फार करते, तेवढी छाटणी चुकवता येत नाही.

ॲस्पर, म्हणजे गोड बांबू, हा कोंबासाठीही घेतात. जाडी सहा इंचांच्या पुढे जाऊ शकते. हवेत ओल आणि पायाशी पाणी दोन्ही लागतं. जांबोटी, कणकुंबी, लोंढ्याकडचा भाग याला मानवतो. चिकोडीच्या उघड्या माळावर लावला तर वाऱ्यानं पानं फाटतात, शेंडे सुकतात आणि पाच वर्षांनीही काठी तीन इंचांची राहते.

ब्रँडिसी कोडगूमध्ये कॉफीच्या मळ्यांतून वाढतो. खानापूरच्या पश्चिम भागात ओढ्याकाठी चांगला येईल. तिथून पूर्वेला नको. जायगँटियस ही सगळ्यांत मोठी, शंभर फुटांच्या आसपास जाणारी जात, पण तिची तोड आणि वाहतूक ही मोठी उस्तवार आहे. हौसेनं दोन बेटं लावा, एकर लावू नका.

माणगा मोठा नाही, इंच-दीड इंचाचा, तीस फुटांपर्यंतचा. कानडीत याला मरिहाळ म्हणतात. कोकणात आणि आपल्या घाटमाथ्यावर तो मूळचाच आहे. काठी जवळजवळ भरीव, सरळ, फांद्या कमी. टोमॅटोच्या काठ्या, शिड्या, मांडव, फर्निचर, सगळीकडे खपतो. मोठा बांबू विकायला गिऱ्हाईक शोधावं लागतं, माणग्याचं गिऱ्हाईक बांधावर येतं. एक एकर मोठा बांबू लावणाऱ्यानं कडेनं दोन ओळी माणग्याच्या टाकल्या तर चौथ्या वर्षापासून हाताशी पैसा येतो. अथणी-रायबागकडच्या मुरमाड, कमी पावसाच्या जमिनीला मेस बरी.

मोसो मात्र आणू नका. ऑनलाइन ‘चायनीज जायंट’ म्हणून बियांची पाकिटं मिळतात. एक तर बी बहुतेक वेळा उगवतच नाही. आणि उगवलाच तर आपल्या ऊबदार हिवाळ्यात तो खुरटा राहतो. त्यातून मोसोचा कंद हरळीसारखा जमिनीखालून धावतो आणि शेजाऱ्याच्या रानात डोकं काढतो. वर सांगितलेल्या जाती बेट करून राहतात, धावत नाहीत.

रोप घेताना

मोठ्या जातींची रोपं टिश्यू कल्चरची किंवा काठीच्या आणि फांदीच्या कलमाची मिळतात. बाल्कोव्याला बी धरतच नाही, त्यामुळे कुणी बाल्कोव्याचं बियाणं दाखवलं तर तिथूनच परत फिरा. रोप किमान दीड-दोन फुटांचं, पिशवीत आठ-दहा महिने वाढलेलं आणि मूळ काडीच्या शेजारी नवा फुटवा जमिनीतून आलेला असावा. हा फुटवा महत्त्वाचा, कारण कंद तयार झाल्याची ती एकमेव बाहेरून दिसणारी खूण. नुसती हिरवीगार पानं बघून फसू नका. दहा पिशव्यांतली एक फाडून बघू द्या असं नर्सरीवाल्याला सांगा. मुळं पिशवीच्या तळाशी गोल गुंडाळलेली असतील तर ते रोप पुढे उभं राहायला वर्ष खातं.

सगळी रोपं एकाच ठिकाणची घेऊ नका, याचं कारण फुलोऱ्यात आहे. बांबू आयुष्यात एकदाच फुलतो आणि बहुतेक जाती फुलल्यावर मरतात. कळक साधारण चाळीस ते पन्नास वर्षांनी, मेस पंचवीस ते पंचेचाळीस वर्षांनी. एका मातृबेटापासून केलेल्या सगळ्या रोपांचं वय त्या बेटाइतकंच मोजलं जातं. तुम्ही कालच लावलेलं असलं तरी मातृबेट फुललं की तुमचं रानही फुलणार. म्हणून दोन-तीन वेगवेगळ्या नर्सऱ्यांतून, वेगळ्या मातृबेटांची रोपं घ्या आणि ओळी आलटून-पालटून लावा. बेंगळुरूची लाकूड विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्था आणि सिरसीचं वनशास्त्र महाविद्यालय इथं जातींबद्दल नीट सल्ला मिळतो.

खड्डे आणि लागवड

मोठ्या जातींना सोळा बाय सोळा फूट अंतर ठेवलं तर एकरी १७० बेटं बसतात. ॲस्पर किंवा ब्रँडिसी असेल तर वीस बाय वीस ठेवा, एकरी १०९. जवळ लावल्यावर सुरुवातीला रान भरल्यासारखं दिसतं, पण सहाव्या वर्षी आत शिरता येत नाही आणि तोडलेली काठी बाहेर ओढताना शेजारची मोडते. माणगा बारा बाय बारा फुटांवर, एकरी ३०० च्या आसपास.

खड्डा दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल. तो होळीनंतर काढून दोन महिने उन्हात तापू द्या. वरच्या फूटभर थराची माती एका बाजूला ठेवा आणि भरताना तीच आधी तळाला घाला. प्रत्येक खड्ड्यात दहा किलो पूर्ण कुजलेलं शेणखत, अर्धा किलो निंबोळी पेंड आणि २०० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट. कच्चं शेण टाकलं की हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि वाळवी हमखास. बेळगाव-खानापूरच्या तांबड्या मातीत हुमणीचा त्रास मोठा आहे, त्यामुळे खतात हुमणीला मारणारी मेटारायझियमची बुरशी मिसळून आठवडाभर सावलीत ओलसर ठेवा आणि मग वापरा.

लागवड पावसाचा जोर बघून करा. बेळगाव तालुक्यापासून पूर्वेला मृगाचे दोन चांगले पाऊस झाले की लावून टाका, म्हणजे रोपाला पूर्ण पावसाळा मिळतो. खानापूरच्या पश्चिमेला जुलैतल्या तरण्या आणि म्हाताऱ्या पावसाच्या माऱ्यात लावू नका. खड्ड्यात पाणी तुंबतं, नवी मुळं गुदमरतात, रोप महिनाभर हिरवं दिसतं आणि अचानक पिवळं पडून जातं. तिथं मृगाच्या आधी वळवाच्या ओलीवर लावा किंवा ऑगस्टच्या शेवटी पाऊस ओसरल्यावर. दोन्ही वेळी खड्डा पूर्ण भरून वर सहा इंचांचा उंचवटा करा आणि रोप त्यावर लावा. काळ्या जमिनीतही असाच उंचवटा पाहिजे, शिवाय दोन ओळींमधून पाणी काढून देणारा चर. चोवीस तासांहून जास्त पाणी साचणाऱ्या जागी मोठा बांबू लावूच नये.

रोप पिशवीत होतं तेवढंच खोल लावा, फार तर इंचभर जास्त. खोल गाडलं की पहिले फुटवे वर यायला ताकद घालवतात.

पहिली तीन वर्षं

पहिल्या वर्षी बांबू वर काही दाखवत नाही. काड्या पेन्सिलीएवढ्या, उंची पुरुषभर. सगळं काम जमिनीखाली चाललेलं असतं. याच काळात लोक कंटाळतात, तण वाढतं, शेळ्या शिरतात आणि तिसऱ्या वर्षी ‘बांबू काही येत नाही’ असं म्हणतात. रोपाभोवती तीन फुटांचा गोल कायम स्वच्छ ठेवा, त्यावर भाताचं पिंजर किंवा उसाचं पाचट चार इंच जाड अंथरा. पाचट काडीला चिकटू देऊ नका, वाळवी चढते.

पहिल्या उन्हाळ्यात तांबड्या जमिनीत आठवड्यातून दोनदा पंधरा लिटर, काळ्या जमिनीत एकदा. दुसऱ्या उन्हाळ्यात पंचवीस लिटर. तिसऱ्यापासून बेटाला चाळीस-पन्नास लिटर, आठवड्यातून दोन-तीनदा. ड्रिपर दोन ठेवा आणि बेट पसरेल तसे बाहेर सरकवत न्या. बुडाशीच ठेवलेला ड्रिपर म्हाताऱ्या कंदाला पाणी पाजतो, नवा कंद कडेला असतो.

पहिल्या वर्षी युरिया ५० ग्रॅम लावणीनंतर दीड महिन्यानं आणि ५० ग्रॅम ऑगस्टअखेर. लावणीच ऑगस्टमध्ये असेल तर त्या साली युरिया नकोच. दुसऱ्या वर्षी दुप्पट, सोबत १५० ग्रॅम सुपर आणि ५० ग्रॅम पोटॅश. चौथ्या वर्षापासून दरसाल वीस-पंचवीस किलो शेणखत, अर्धा किलो सुपर, पाव किलो पोटॅश आणि ४०० ग्रॅम युरिया, युरियाचे दोन भाग करून जून आणि ऑगस्टमध्ये. सप्टेंबर लागल्यावर नत्र देऊ नका. उशिरा कोंब सुटतात, ते उभे राहायच्या आत पाऊस संपतो आणि पूर्वेचा कोरडा वारा त्यांना वाळवतो. खानापूरच्या भातगिरण्यांतून तुसाची राख मिळते, ती बेटाभोवती दोन-तीन पाट्या टाका. तिच्यात सिलिका भरपूर, आणि बांबूच्या सालीला कणखरपणा देणारी सिलिकाच. त्याच कारणानं बेटाखाली पडलेली पानं कधी पेटवू नका, ती बांबूची स्वतःची सिलिका आहे.

दरवर्षी वळवानंतर बेटाला भर द्या, उसाला देतो तशी, सहा इंच माती. बेट करणाऱ्या जातींचा नवा कंद जुन्याच्या कडेनं थोडा वरच्या अंगानं सुटतो. माती लावली नाही तर पाच-सहा वर्षांत कंद उघडे पडतात आणि वादळात आख्खं बेट एका अंगावर कलतं.

मोकळ्या जागेत पहिली दोन-तीन वर्षं भुईमूग, सोयाबीन, रताळी, मिरची घेता येते. ऊस नको, तो पाणी आणि ऊन दोन्ही ओढतो. चौथ्या वर्षानंतर सावलीत हळद किंवा आलं जमतं.

गुरं, वानरं आणि काटे

जमिनीतून वर आलेला कोंब हा गवे, वानरं, साळिंदर, रानडुक्कर यांना आणि आपल्या गुरांनाही सारखाच आवडतो. एक वानर सकाळभरात दहा कोंबांचे शेंडे मोडतं, आणि शेंडा मोडलेला कोंब तिथंच संपतो, बाजूनं फुटून काठी होत नाही.

उत्तर कन्नड जिल्ह्यात १९७० च्या दशकात परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कळकाच्या बेटांचा अभ्यास केला. कागद कारखान्यासाठी तोड करणारे लोक आत शिरता यावं म्हणून बुडातले काटे साफ करत होते, आणि त्यानं बेट सुधारतं असं अधिकारी समजत होते. प्रत्यक्षात काट्यांचं ते जाळंच नव्या कोंबांना राखत होतं. ते गेल्यावर गुरं, वानरं आणि साळिंदरांनी कोंब फस्त केले. गावकऱ्यांना हे आधीच माहीत होतं. आपल्या बिनकाट्याच्या बेटाला हेच राखण कृत्रिम द्यायचं. बेटाच्या भोवती जूनमध्ये बोरी-बाभळीच्या फांद्यांचं कुंपण घाला, दोन-तीन फूट उंचीचं, आणि ऑक्टोबरमध्ये काढा. रानाच्या कडेला कळकाची एक दाट ओळ ही तारेच्या कुंपणापेक्षा स्वस्त आणि जास्त टिकाऊ, फक्त ती उभी राहायला चार वर्षं लागतात.

काठीचं वय ओळखणं

पुढची सगळी कमाई यावर आहे, म्हणून एकदा बेटाजवळ उभं राहून हे हातानं शिका. या वर्षीच्या काठीवर बोट फिरवलं की पांढरी भुकटी बोटाला लागते. गाठींवर कोंबाची तपकिरी टरफलं अजून चिकटलेली असतात, त्यांची बारीक लव टोचते आणि खाज सुटते. फांद्या नसतात किंवा वरच्या अंगाला नुकत्या फुटत असतात. रंग निळसर हिरवा. दुसऱ्या वर्षाच्या काठीवरची भुकटी बहुतेक गेलेली, टरफलं गळालेली, रंग झगझगीत हिरवा, फांद्या एकेरी आणि ताज्या. तिसऱ्या वर्षी हिरवा रंग मळतो, गाठींखाली करडे ठिपके दिसू लागतात. चौथ्या वर्षी पांढरट शेवाळाचे चट्टे पसरतात, फांद्यांना पोटफांद्या झालेल्या असतात. कोयत्याच्या मागच्या बाजूनं ठोकलं तर कोवळी काठी बद्द वाजते आणि पक्की खणखणीत.

तरी डोळ्यांवर विसंबू नका. दरवर्षी दिवाळीत ऑइल पेंटचा डबा घेऊन फिरा आणि त्या साली आलेल्या प्रत्येक काठीवर छातीच्या उंचीला सालाचा शेवटचा आकडा टाका. एकराला एका दिवसाचं काम आहे. तोडणारे गडी बदलले तरी आकडा बदलत नाही.

तोड

पहिली खरी तोड पाचव्या वर्षी. त्याआधी फक्त पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या बारीक, वाकड्या, मेलेल्या काड्या काढायच्या. नियम साधा आहे. तीन वर्षं पूर्ण झालेली काठीच तोडायची. मोठ्या जातीच्या बेटात तोडीनंतर पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या मिळून बारा ते पंधरा काठ्या उभ्या राहिल्या पाहिजेत. यंदा जेवढे कोंब काठी झाले त्याहून जास्त तोडायच्या नाहीत. एक वर्षाची काठी सरळ, गुळगुळीत आणि देखणी असते म्हणून व्यापारी तीच मागतो. ती दिली की पुढच्या पावसातले कोंब गेले, कारण नव्या कोंबाला पोसणारी पानं तिच्यावर असतात. शिवाय कोवळी काठी वाळताना चिरमुटते, मग तोच व्यापारी पुढच्या खेपेला दर पाडतो.

जुन्या काठ्या बेटाच्या मध्यावर असतात आणि नव्या कडेला. आत शिरायला वाट पाहिजे म्हणून एका बाजूनं घोड्याच्या नालेसारखी वाट पाडत आत जा. ही वाट ज्या बाजूला नवे कोंब कमी येतात तिकडून पाडा. कडेकडेनं तोडत राहिलात तर नवा भाग संपतो, मधला जुना भाग गच्च अडकतो आणि बेट आतून मरू लागतं.

काप जमिनीपासून पहिल्या किंवा दुसऱ्या गाठीच्या अगदी वर घ्यायचा, गाठीला लागून. पेराच्या मध्ये घेतला तर खाली वाटी राहते, तिच्यात पाणी साचून डास होतात आणि कुज कंदापर्यंत उतरते. कोयत्यानं फोडत तोडण्यापेक्षा दातेरी करवत वापरा, काठी चिरत नाही. हंगाम दिवाळी ते संक्रांत, फार तर महाशिवरात्रीपर्यंत. पावसाळ्यात तोड नाही, त्या वेळी बेटात पाय ठेवला तरी कोंब मोडतात. पाडवा उलटल्यावरही नको, तेव्हा काठीत पिष्ट भरलेलं असतं आणि भुंगेरा त्याच्यावरच येतो. काही लोक अवसेचा अंधार बघून तोडतात. तसं केल्यानं काही बिघडत नाही, पण हंगाम चुकवून अवस साधण्यात अर्थ नाही.

भुंगेऱ्यापासून काठी वाचवणं

तोडलेल्या काठीतून पिवळसर पीठ गळायला लागलं की आत बारीक काळा भुंगेरा शिरलाय. तोडल्यावर काठी फांद्या-पानांसकट तशीच शेजारच्या काठ्यांना टेकवून आठ-दहा दिवस उभी ठेवा, पानं उरलेलं पाणी आणि साखर ओढून घेतात. त्यानंतर वाहत्या ओढ्यात किंवा तळ्यात तीन-चार आठवडे दगडाखाली दाबून ठेवली की पिष्ट धुऊन जातं. पाण्याला घाण वास येतो, म्हणून पिण्याच्या पाण्याच्या तळ्यात हे करू नका.

फर्निचर किंवा घरबांधणीसाठी द्यायची असेल तर बोरॅक्सची प्रक्रिया करा. शंभर लिटर पाण्यात तीन किलो बोरॅक्स आणि दोन किलो बोरिक ॲसिड, पाणी कोमट असलं की लवकर विरघळतं. लांब सळईनं काठीच्या आतले गाठींचे पडदे भोसका, नाहीतर द्रावण आत जात नाही. दहा ते चौदा दिवस पूर्ण बुडवून ठेवा, मग सावलीत उभी करून महिनाभर वाळवा. उन्हात टाकली की तडकते. ही काठी छपराखालीच वापरायची. मातीत रोवली किंवा पावसात राहिली तर बोरॅक्स धुऊन जातं.

कोंब खायचा असेल तर

ॲस्परचे कोंब बाजारात चांगले जातात. कानडीत कळले म्हणून विचारतात. जुलैचे पहिले दमदार कोंब काठीसाठी राखा. सप्टेंबरच्या मध्यानंतर येणारे कोंब तसेही पक्के होत नाहीत, ते फूट-दीड फुटाचे असताना कापा. कोंबात सायनाइड सोडणारं द्रव्य असतं, ॲस्परमध्ये कमी, इतर जातींत जास्त. चकत्या करून उघड्या भांड्यात अर्धा तास उकळा, ते पाणी फेकून द्या, मग भाजी करा. झाकण ठेवू नका. कच्चा कोंब गुरांनाही भरपूर घालू नये.

रोग

भातावर पर्णकोष कुजवणारी सॅरोक्लॅडियम ओरायझी ही बुरशी बांबूवरही येते. बांगलादेशात तिनं बाल्कोव्याची पुष्कळ बेटं घेतली. भातखाचराला लागून असलेल्या बेटांकडे म्हणून जास्त लक्ष द्या. पाच-सहा फूट गेलेला कोंब शेंड्याकडून तपकिरी पडत खाली मरत येतो, टरफलं सोलली तर आतून कुजट वास. असे कोंब बुडातून काढून रानाबाहेर जाळा. एप्रिलमध्ये बेटातला मेलेला पसारा काढा, ताजी माती लावा आणि पाऊस सुरू होताना कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला तीन ग्रॅम या प्रमाणात बुडाशी वीस लिटर ओता. पानांवर काळी काजळी दिसली तर ती माव्याच्या चिकट्यावर आलेली असते. दाट फांद्या छाटून वारा खेळू दिला की बहुतेक वेळा ओसरते.

हिशेब आणि कागद

सोळा फुटांवरची १७० बेटं, सहाव्या-सातव्या वर्षी बेटाला सहा काठ्या धरल्या तर एकरी हजार काठ्या होतात. बाल्कोव्याची ओली काठी पंचवीस किलो धरली तरी पंचवीस टन. याच्या तिप्पट-चौपट सांगून कुणी करार पुढे केला तर सही करू नका. हजार काठ्यांना तुमच्या भागातला नगाचा दर लावा, पंचवीस टनांना टनाचा दर लावा, आणि दोन्हींतून तोड-वाहतूक वजा करून बघा. बहुतेक वेळा नगावर विकणं परवडतं. परांचीवाले, केळीला टेकू घेणारे, मांडववाले नगावर घेतात, जळणासाठी किंवा लगद्यासाठी घेणारा टनावर.

बांबू २०१७ च्या दुरुस्तीनंतर केंद्राच्या वन कायद्यातल्या ‘झाड’ या व्याख्येतून वगळला आहे, त्यामुळे स्वतःच्या रानातला बांबू तोडायला आणि वाहून न्यायला त्या कायद्यानं परवाना लागत नाही; कर्नाटकाचा वन कायदा मात्र वेगळा आहे, म्हणून इथला नियम वनखात्यात विचारून घ्या. वनहद्दीतल्या बांबूला ही सूट नाही, आणि गाडीतली काठी कुठली हे नाक्यावर नुसतं बघून कळत नाही. म्हणून लागवड केल्याच्या सालापासूनच उताऱ्यावर पीक म्हणून बांबूची नोंद करून घ्या. खानापूरहून चंदगड, गडहिंग्लज किंवा सावंतवाडीकडे माल जाणार असेल तर प्रत्येक गाडीबरोबर चालू वर्षाचा उतारा, विक्रीची पावती आणि बेटांवर आकडे टाकलेले दिसतील असा रानाचा एक फोटो ड्रायव्हरजवळ द्या.